पाय मोडला, आणि डॉक्टरांनी पाळीचं विचारलं

भाकरी थापत ऐकत असाल तर थापत राहा. हात चालू असले की कान जास्त चांगले चालतात, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही माणदेशातल्या एका बचत गटाच्या बाया. अकराजणी आहोत. आमच्यात कुणी डॉक्टर नाही, नर्स नाही. दोघी बारावी झालेल्या, बाकीच्या चौथी-सातवीच्या, आणि तिघींना सही करायला गटानंच शिकवलं. तरी आज आम्ही हाडांवर बोलणार आहोत. का, ते आधी सांगतो.

गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, आमच्या गटातल्या आक्का न्हाणीत घसरल्या. वय सत्तावन्न. झाडावरून पडल्या नाहीत, विहिरीत पडल्या नाहीत. उभ्या होत्या त्या जागी शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला आणि कुशीवर बसल्या. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला म्हणे. उठता येईना. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि डाव्यापेक्षा बोटभर आखूड दिसायला लागला.

पोरानं जीपमध्ये घातलं आणि नेलं हाडवैद्याकडे. त्यानं पाय ओढला, बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधला, वर लेप दिला. चार दिवस आक्का खाटेवर. पाचव्या दिवशी पायाची बोटं सुजून काळीनिळी झाली, तेव्हा कुठं दवाखाना आठवला. फोटो काढला. मांडीचं हाड खुब्यापाशी, अगदी मानेत मोडलं होतं.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितला आणि आक्कांना विचारलं, "पाळी कधी गेली?"

पोरगा भिंतीकडं बघायला लागला. आक्का चिडल्या. "पाय मोडलाय डाक्टर, पाळीचं काय इचारताय? पाळी कुठली, पिशवीच काढली. चौतीस वर्साची हुते तवा."

"नुसती पिशवी काढली, का दोन्ही बाजूचे अंडाशयही काढले?"

हे आक्कांना माहीत नव्हतं. त्यांच्या मालकांना माहीत नव्हतं. कागद तर केव्हाच गेले होते, घराचं छप्पर बदललं त्या वर्षी.

ऑपरेशन झालं, खुब्यात धातूचा गोळा बसवला. पण तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. पायाचा आणि पिशवीचा संबंध काय? गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करायचं राहिलं आणि याच्यावरच बोलणं झालं. आमच्यातल्या सहाजणींची पिशवी काढलेली आहे. अकरात सहा. त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

मग आम्ही गावातल्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्यांच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचा सांगाडा आहे, पोरं त्याला हडकुळे सर म्हणतात. बाईंनी एका रविवारी कुलूप उघडलं आणि आम्ही सगळ्या हडकुळे सरांच्या भोवती बसलो. पहिल्यांदा जरा भीती वाटली. मग एकजण म्हणाली, "ह्यो तर माझ्या सासऱ्यावानी दिसतुया," आणि भीती गेली.

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. तान्ह्या बाळाच्या अंगात तीनशेच्या आसपास. मग बाकीची जातात कुठं? जात नाहीत, एकमेकांना जुळतात. आपण बाळाची टाळू भरतो ना तेलानं, ती मऊ लागते, कारण तिथं कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. बाळंतपणात डोकं बाहेर येताना ती हाडं जरा एकमेकांवर सरकतात, म्हणून बाळाची आणि आईची सुटका होते. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरते. आपण म्हणतो तेलानं भरली. भरते ती हाडानं, पण तेल लावायला हरकत नाही.

२०६ पैकी १०६ हाडं नुसत्या हातापायांत आहेत. एका हातात, मनगट धरून, २७. म्हणजे तुम्ही आत्ता भाकरी थापताय त्यात दोन हातांची ५४ हाडं कामाला लागली आहेत. आणि आमचं बोलणं तुम्हाला ऐकू येतंय तेही हाडांमुळेच. प्रत्येक कानात तीन बारकी हाडं असतात, त्यातलं शेवटचं ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. आवाज आला की ती हलतात. सगळ्यात मोठं हाड मांडीचं. आक्कांचं मोडलं ते.

कवटी मेंदूला सांभाळते, बरगड्यांच्या बारा जोड्या काळीज आणि फुफ्फुसं सांभाळतात. हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. आम्ही जास्त वेळ बसलो ते पाठीच्या कण्यापाशी, कारण कंबर दुखत नाही अशी आमच्यात एकही नाही. कण्याचे मणके मोजायचे तर ३३. मानेत सात, पाठीत बारा, कंबरेत पाच, आणि खाली नऊ एकमेकांना जुळलेले. शेवटचं माकडहाड. मानेत सातच मणके जिराफालाही असतात म्हणे. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. बाईंनी तिला चकती म्हटलं, आम्ही चुंबळ म्हणतो. डोक्यावर हंडा घेताना आपण खाली चुंबळ ठेवतो, तशीच मणक्यामणक्याखाली देवानं एकेक ठेवलेली आहे. हंडा डोक्यावर सरळ घेऊन ताठ चाललं तर भार सगळ्या चुंबळींवर सारखा पडतो. पण वाकून भांगलण केली, वाकून उसाची मोळी उचलली, की कंबरेतल्या शेवटच्या दोन-तीन चुंबळींवर भार कितीतरी पटीनं वाढतो. म्हणून मोळी उचलताना गुडघ्यात वाका, कंबरेत नको, असं बाईंनी करून दाखवलं. खरं सांगायचं तर दिवसाला टनाच्या हिशोबानं ऊस तोडणाऱ्या बाईला प्रत्येक मोळीला हे जमत नाही. पण दहातल्या चार वेळा जमलं तरी तेवढी कंबर वाचली.

आता जे आम्हाला नवीन होतं ते सांगतो. आमचा समज असा, की हाड म्हणजे घराचा वासा. एकदा बसवला की बसवला. कीड लागली तर लागली. बाई म्हणाल्या, नाही, हाड जिवंत असतं. त्यात रक्त वाहतं. रोज थोडं जुनं हाड काढून टाकणाऱ्या पेशी असतात आणि रोज थोडं नवं भरणाऱ्या पेशी असतात. दहा-एक वर्षांत माणसाचा जवळजवळ सगळा सांगाडा नवा झालेला असतो. घर तेच, पण एकेक वीट बदललेली. म्हणून तर मोडलेलं हाड जुळतं. लाकूड मोडलं तर जुळतं का?

आणि हाडाच्या आत काय असतं? मटणाच्या रश्श्यातली नळी तुम्ही चोखली असेल. आता आपल्या वाट्याला नळी कधी येते हा वेगळा विषय. त्या नळीतला मगज, तसाच माणसाच्या हाडातही असतो आणि अंगातलं रक्त तिथंच तयार होतं, मोठ्या माणसात मुख्यतः मणक्यांत, कंबरेच्या हाडांत, छातीच्या हाडात, बरगड्यांत. रक्त काळजात तयार होतं असं आम्ही सगळ्या समजत होतो.

आमच्यातली एक म्हणाली, "बाई, हाड एवढं घट्ट असतं, तर सावडायला जातो तवा हातात घेतल्या घेतल्या पीठ का हुतंय?" सगळ्या गप्प झाल्या. तिचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. माहुलीला संगमावर अस्थी सोडायला ती स्वतः गेली होती. बाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं. हाडात दोन गोष्टी असतात. एक चुन्यासारखी, तिनं हाड कडक होतं. दुसरी चिवट दोरीसारखी, प्रथिनाची, तिनं हाड लवचिक राहतं, लगेच तडकत नाही. चितेत दोरी जळून जाते, चुना उरतो, म्हणून पीठ होतं. उलटं बघायचं असेल तर कोंबडीचं हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. चुना विरघळतो, दोरी उरते, आणि हाड रबरासारखं वाकतं. आम्ही करून बघितलं. खरंच वाकलं. सिमेंट आणि सळई म्हणा. दोन्ही लागतात.

तर या हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियम, ही आपली ठेव. अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेला एक टक्का रक्तात आणि मांसात, पण तो एक टक्का काळजाचा ठोका पडायला आणि स्नायू हलायला लागतोच लागतो. खाण्यातून आला नाही तर शरीर थांबत नाही, हाडातून काढून घेतं. विचारत नाही. पोटातल्या बाळाला द्यायचं असलं तरी तिथूनच, अंगावर पाजायचं असलं तरी तिथूनच. पाजून बंद झालं आणि पोटभर खाल्लं की ती भर पुन्हा बरीचशी होते. पण एकापाठोपाठ एक बाळंतपणं, आणि बाई सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाणारी, असं असलं तर भर व्हायला वेळच मिळत नाही.

ठेव कधी जमते? तर लहानपणापासून तिशीपर्यंत. मुलीची तर अठराव्या वर्षापर्यंतच नव्वद टक्क्यांच्या आसपास जमून जाते. तिशीनंतर जेमतेम टिकते आणि पुढं हळूहळू उतरते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटात काय आहे हे बघायला पाहिजे. आणि याच वयात तिचं लग्न लावून देणाऱ्यांनी हेही ऐकावं, की तिच्या कंबरेचं हाड अजून वाढत असतं. बाळ जायची वाट पुरी रुंद झालेली नसते.

नुसतं खाऊन ठेव वाढत नाही. हाडावर भार पडला, धक्का बसला, की हाड जास्त भरतं. धावणं, उड्या मारणं, दोरीवरच्या उड्या. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. सगळ्यांच्या पोरी तिथं जाणार नाहीत. पण पंचमीला, गौरीला झिम्मा-फुगडी तर सगळ्यांच्या पोरी खेळू शकतात? तो खेळ हाडांना लागतो तसाच आहे. उड्या आहेत, गिरक्या आहेत, पाय आपटणं आहे. हल्ली पोरी मोबाईलवर झिम्म्याचे व्हिडिओ बघतात, स्वतः खेळत नाहीत. आम्हाला हे बघून वाईट वाटतं आणि आम्ही ते बोलून दाखवतो, म्हणून पोरी आम्हाला म्हाताऱ्या म्हणतात.

हाडं आपलं सगळं लिहून ठेवतात, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी इनामगावची गोष्ट सांगितली. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. आपल्या माणदेशासारखाच कमी पावसाचा भाग. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं आख्खं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरं, चुली, धान्याच्या कणग्या, आणि घरातल्या जमिनीखाली पुरलेली माणसं. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, झोपवल्यासारखी. अभ्यासकांनी ती हाडं वर्षानुवर्षं मोजली, तपासली. गावाच्या शेवटच्या काळातल्या मुलांच्या हाडांवर वाढ खुंटल्याच्या खुणा सापडल्या. त्या पोरांची नावं कुणाला माहीत नाहीत, आयांची तर नाहीतच. पण पोटभर मिळत नव्हतं हे हाडानं तीन हजार वर्षं धरून ठेवलं. ते ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. बहात्तरचा दुष्काळ आमच्यातल्या एकीनं पोर असताना खडी फोडणाऱ्या आईच्या शेजारी बसून काढलाय.

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येतो. पाळीचा आणि हाडाचा संबंध.

पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन अंडाशय असतात. त्यांच्यातून एक रस रक्तात येतो, डॉक्टर त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. तो हाडाचा राखणदार आहे. हाड काढणाऱ्या पेशींना तो लगाम घालतो. आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला पाळी जाते, तेव्हा हा राखणदार जातो आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाड भराभरा झिजतं. काहीजणींची पाचवा हिस्सा ठेव तेवढ्यात जाते. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही. कळतं ते एकदम, मनगट मोडलं की, नाहीतर खुबा मोडला की. पाठीचे मणके तर आतल्या आत दबतात. मग उंची कमी होते, पोक निघतं. घरातल्या म्हातारीचं लुगडं पूर्वी घोट्यावर बसायचं आणि आता जमिनीवर लोळतंय, असं दिसलं तर लुगडं वाढलेलं नाही.

आता विचार करा. चौतीसाव्या वर्षी पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर राखणदार बारा-तेरा वर्षं आधीच गेला. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तरी ते पुष्कळदा लवकर थकतात. आक्कांचं हाड सत्तावन्नाव्या वर्षी सत्तरीचं झालं होतं ते असं. डॉक्टरांनी विचारलं ते याच्यासाठी.

ही एकट्या आक्कांची गोष्ट नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या पिशव्या काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. या बाया दरवर्षी आपल्याच सातारा-सांगलीच्या फडात ऊस तोडायला येतात. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जातात, फडात ना आडोसा ना पाणी, अंगावरून जातं, कंबर दुखते, आणि कुणीतरी सांगतं, दोन पोरं झालीत, आता पिशवीचं काय काम, काढून टाक म्हणजे कटकट गेली. आमच्या सहाजणी फडावर जाणाऱ्या नाहीत. त्यांनाही हेच सांगितलं होतं.

पिशवी कधीच काढू नये, असं आम्ही म्हणत नाही. कॅन्सर असला, गाठी होऊन रक्त थांबत नसलं, पिशवी बाहेर पडत असली, तर काढावी लागते आणि त्यानं जीव वाचतो. पण काढायच्या आधी चार प्रश्न विचारायचे. नेमकं काय झालंय? औषधानं बरं होणार नाही का? अंडाशय ठेवणार का काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला आठ दिवस थांबलं तर चालेल का? ऑपरेशन झालं तर कागद जपून ठेवायचा, रेशनकार्डासारखा. ज्यांचं झालेलं आहे त्यांनी घाबरायचं नाही. डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, माझी पिशवी अमुक वर्षी काढली, माझ्या हाडांचं बघा. डेक्सा नावाची तपासणी असते, तिच्यात हाड किती भरीव आहे ते कळतं. झीज थांबवायची औषधं आहेत. आक्कांना आता ती चालू आहेत. शिबिरात टाचेला मशीन लावतात तो नुसता अंदाज. त्याच्यावर विसंबून तिथंच हजार रुपयांची पावडर विकत घ्यायची नाही.

खाण्याचं बोलायचं तर आमच्या गावात दोन डेअऱ्या आहेत आणि अकराजणींपैकी नऊजणींच्या दारात म्हैस नाहीतर गाय आहे. सकाळ-संध्याकाळ धार आम्ही काढतो, वैरण आम्ही घालतो, शेण आम्ही काढतो. दूध जातं डेअरीला. उरतं ते चहापुरतं आणि मालकांच्या पेल्यापुरतं. बाईला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर आणि अंगावर पाजताना बाराशे. एक पेला दूध म्हणजे त्यातले दोन-अडीचशे. आम्ही गटात ठराव केला, की रोज एक पेला दूध नाहीतर दोन पेले ताक बाईनं प्यायचं, आणि ते सगळ्यांच्या देखत प्यायचं. चोरून नाही. दोघींच्या घरी यावरून भांडण झालं. एकीच्या सासूनं सुरुवातीला पेला मोजला, आता सासूच म्हणते, मला पण दे.

दूध नसेल तर नाचणी आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास. माणदेशात नाचणी पिकत नाही, पण पाटण-जावळीकडची बाजारात येते, बाजरीच्या पिठात मिसळली तर कुणाला कळतही नाही. शेवग्याचा पाला आहे, दारात झाड असून आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो. राजगिऱ्याची भाजी, हरभरे, मटकी. आणि तीळ. परवा संक्रांत आहे, तीळ घरात आलेलेच असतील, ते संक्रांतीपुरतेच ठेवू नका. न सडलेले तीळ शंभर ग्रॅममध्ये हजारावर देतात. रोज एक-दोन चमचे चटणीत गेले तरी पुरे.

चुना आत जायला ऊन लागतं, म्हणजे उन्हानं कातडीत तयार होणारं डी जीवनसत्त्व लागतं. माणदेशात उन्हाला काय तोटा, असं आम्हीही म्हटलं होतं. पण शेतात जाताना आपण लुगड्यावर मालकाचा शर्ट घालतो, तोंडाला रुमाल बांधतो. पोरी गाडीवर डोळे सोडून सगळं झाकतात. शिलाई मशिनवरची दिवसभर आतच. उन्हाच्या देशात राहूनही तपासणी केली की पुष्कळ बायांच्या अंगात हे जीवनसत्त्व कमी निघतं. दुपारी थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून उन्हात बसायचं, शेंगा फोडत बसा, तीळ निवडत बसा.

गरोदरपणात सरकारी दवाखान्यात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या, दोन्ही गोळ्या मिळतात. दोन्ही एकदम गिळू नका, एकमेकींना अंगात जाऊ देत नाहीत. मध्ये दोन तास जाऊ द्या. कॅल्शियमची जेवणानंतर घ्यायची. बाळंतपण झाल्यावरही सहा महिने घ्यायच्या आहेत, आणि नेमक्या तेव्हाच सगळ्या सोडतात.

मशेरीचंही सांगतो, आवडणार नाही. तंबाखू हाडाला खाते. आमच्यात मशेरी लावणाऱ्या चौघी होत्या, आता दोघी आहेत. एक म्हणते सोडली, पण आमचा विश्वास नाही. आणि सांधे दुखतात म्हणून बाजारात कुणाकडून तरी पुडी घेऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर समजा त्यात स्टिरॉइड असू शकतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलं तर हाड आतून पोकळ करतं.

पडायचं कसं टाळायचं, हे आम्ही आक्कांच्या न्हाणीपासून सुरू केलं. दगड घासून शेवाळ काढलं, खाली खडबडीत फरशी बसवली, भिंतीत धरायला लोखंडी पाइप ठोकला. रात्री लघवीला उठायच्या वाटेवर बल्ब लावला. अकरा घरांत हे केलं, गटाच्या पैशातून. बाप्यांनी हसून घेतलं. नंतर पाइप धरूनच अंघोळ करताना दिसले.

आणि कुणी पडलंच, पाय वळलेला आणि आखूड दिसला, तर ओढायचा नाही, चोळायचा नाही, उभं करायचं नाही. दोन पायांच्या मध्ये उशी घालून पाय एकमेकांना हलके बांधायचे, फळीवर घ्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. हाडवैद्य वाईट असतात असं नाही, बोट सरकलं, मनगट लचकलं तर काहींच्या हाताला गुण आहे. पण खुबा कामट्यांनी बांधता येत नाही, आणि आवळून बांधलं तर रक्त थांबून पाय सडू शकतो. म्हातारं माणूस महिनाभर खाटेवर पडलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. पुष्कळजणी मोडलेल्या हाडानं जात नाहीत, त्या पडून राहिल्यानं जातात. दोन दिवसांच्या आत ऑपरेशन होऊन माणूस पायावर उभं राहिलं पाहिजे. आक्कांचे ते चार दिवस फुकट गेले, त्याचं दुखणं त्या अजून काढतायत. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे दवाखान्यात शिरतानाच आरोग्यमित्राला विचारा.

एक शेवटचं. आमच्या गटात एक धाकटी आहे, एकतीस वर्षांची. दोन पोरं. दसऱ्यानंतर ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते. गेल्या भाद्रपदात ती आम्हाला म्हणाली, अंगावरून पांढरं जातंय, एका दवाखान्यात सांगितलंय पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढा. मुकादमाची उचल मिळालीच होती, त्यातूनच करणार होती. आदल्या महिन्यात आक्कांचं झालं नसतं तर आम्हीच तिला म्हटलं असतं, जा, काढून ये, सुटशील. आमच्यातल्या सहाजणींना अशाच कुणीतरी म्हटलं होतं.

त्या वेळी तिघीजणी तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या. सोनोग्राफी झाली, पिशवीच्या तोंडाचीही तपासणी झाली. जंतुसंसर्ग निघाला. नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या. नवरा गोळ्या घ्यायला तयार नव्हता. आक्कांनी वॉकरवर टेकून त्याला चार शब्द ऐकवले, मग घेतल्या. महिन्यात तिचं जाणं थांबलं. पिशवी आहे तिथंच आहे.

ती सध्या कराडच्या पलीकडं फडावर आहे, तिथं आपला रेडिओ लागत नाही. काल तिचा फोन आला होता. म्हणाली, तुम्ही बोलणार हाय ते मोबाईलवर भरून पाठवा, रात्री खोपीवर बायकांना ऐकवते, आणि ते अंडाशयाचं जरा सावकाश सांगा, हितं सगळ्यांना ते लिहून घ्यायचंय. सावकाश सांगितलंय, बाई. पोरांना तिळाचे लाडू पाठवलेत, ट्रॅक्टरवाल्याच्या हाती.